टायर आणि काळा चिखल

यंदा बारा जूनला गाडीचे टायर बदलायला दुकानात गेले आणि नव्या रबराच्या वासाने सत्तरच्या दशकातलं वाशीम आठवलं. तेव्हा आमची जुनी जीप पावसाळ्यात वावरातच रुतायची आणि बाजाराची वांगी जागेवर सडायची. बाबांसोबत टायर घ्यायला निघालेल्या आईने वावरातला काळा चिखल फडक्यात बांधून नेला. "काकू, टायर घ्याले आल्या का घर सारवाले?" दुकानदार हसला. बाबा खाली बघू लागले. आईने एकेका टायरच्या खाचांत चिखल दाबून दुकानदारालाच तो टायर जमिनीवर आपटायला लावला. रुंद खाचांच्या एकाच टायरमधून चिखल गळून पडला. "असेच चार द्या. बाकीचे आमच्या वावरात बसून राह्यतीन." त्या पावसाळ्यात वांगी सडली नाहीत. यंदा मी टायर न घेताच परतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यात वावरातला चिखल भरून पुन्हा दुकानात गेले.