भोंग्याची नव्वद मिनिटं

त्याचं खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं होतं. बाकी सगळे त्याला भोंगा म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे, कारण पाठीमागे म्हटलेलं त्याला ऐकूच जात नसे. त्याचं पत्र्याचं दुकान होतं. पन्हाळी, नरसाळी, धान्याच्या कोठ्या, गळक्या छपरांची डागडुजी. दिवसभर पत्र्यावर हातोडा चालायचा, त्यामुळे बोलायचं तर हातोड्याच्या वरच बोलावं लागे. चढलेला तो आवाज घरी आल्यावरही उतरत नसे. जेवताना त्याने मीठ मागितलं की शेजारीण आपल्या आमटीची चव घेऊन बघायची.

असा माणूस रविवारी दुपारी गावाच्या फुटबॉल क्लबची मॅच बघायला उभा राहिला, की काय होत असेल याची कल्पना करा. एक-दोन वर्षं नाही, पस्तीस वर्षं. मैदानाच्या डाव्या बाजूला, चुन्याच्या रेषेला बूट टेकवून. क्लबचा गोलकीपर एरवी औषधाच्या दुकानात काउंटरवर असतो. त्याच्या पायांतून बॉल गेला की भोंगा विचारायचा, "दुकानात सुटे नाहीत म्हणून आम्हाला परत पाठवतोस, मग इथे बॉल का नाही पाठवत?" डाव्या बाजूचा बचाव पोस्टमन सांभाळायचा. तो मध्यरेषेच्या पुढे एक पाऊल सरकला की लगेच, "मागे राहा. पत्र टाकायला निघालायस का?" पोस्टमन बिचारा मागे यायचा. नऊ वर्षं तो मागेच येत होता.

भानगड झाली ती गेल्या मोसमात. आपल्याला फ्री किक मिळाली आणि समोरच्यांची भिंत फारच जवळ उभी आहे असं भोंग्याला वाटलं. नुसतं वाटून तो थांबला नाही. खिशातली पत्रा मोजायची टेप काढून तो थेट मैदानात गेला, एक टोक बॉलपाशी दाबून धरायला खुद्द रेफरीला सांगितलं, आणि रेफरीने गोंधळून ते धरलंही. अंतर नियमापेक्षा दीड मीटर कमी भरलं. माप अगदी बिनचूक होतं, पण म्हणून लीगवाले खूश होतील असं थोडंच आहे? त्यांचं पत्र आलं: प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये लोखंडी कुंपण घाला, नाहीतर पुढच्या महिन्यापासून तुमच्या सगळ्या मॅचेस तालुक्याच्या मैदानावर. ते मैदान बसने दीड तासावर. संघातल्या निम्म्या जणांना रविवारी संध्याकाळी पाळीवर जायचं असतं. म्हणजे क्लब बंद, असं सरळ गणित होतं.

पाठीराख्यांनी वर्गणीसाठी हातपाय मारले. गाड्या धुतल्या, केक विकले, सोडत काढली. सोडतीत पहिलं बक्षीस शिलाई मशीन होतं. ते लागलं नेमकं गावच्या शिंप्याला आणि त्याने ते क्लबलाच परत विकायचा प्रयत्न केला. एवढं करून जेमतेम पाव कुंपणाची सोय झाली. पाव कुंपणाने फार तर एक माणूस अडवता आला असता. तो कोण, याबद्दल मात्र कुणाचं दुमत नव्हतं.

बैठक भोंग्याच्याच दुकानात भरली, कारण उलट्या पिंपांवर वीस जण बसू शकत होते.

"मजुरी माझी. फुकट," भोंगा म्हणाला. "खांब मी रोवतो, जाळी मी ताणतो."

"खांब आणि जाळी आणायची कुठून?" कोच म्हणाला. "तुझ्या टेपमधून?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून त्याची बायको चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. सव्वीस वर्षं त्या आवाजाशी संसार केलेली बाई. ती कुणाकडेही न बघता म्हणाली, "यांच्याच नावावर वर्गणी काढा की."

"माझ्या नावावर? बोलायचे कोण पैसे देतंय?"

"बोलायचे कोण देईल हो? गप्प बसायचे देतील. पूर्ण एक मॅच. एक शब्द निघाला तर सगळ्यांचे पैसे परत."

दुकानात शांतता पसरली. त्या दुकानात हे पहिल्यांदाच घडत होतं. मग कोचने खिशात हात घातला आणि पहिली नोट पिंपावर ठेवली. "मी सुरुवात करतो," तो म्हणाला, "अगदी मनापासून."

चार दिवसांत रक्कम उभी राहिली. विरुद्ध संघाच्या पाठीराख्यांनी एकगठ्ठा पाठवली. तीन रेफरींनी मिळून एक पाकीट दिलं, पावती नको म्हणाले. मैदानालगतच्या चाळीने घरटी दिले. भोंग्याच्या मेव्हण्याने तर दोनदा दिले.

इकडे घरात तालीम सुरू झाली. भोंग्याने शिव्या गिळायला शिकावं म्हणून बायको रोज नवं काहीतरी काढायची. शनिवारी तिने त्याच्यादेखत कोऱ्या पत्र्यावर कात्री चालवली आणि कड मुद्दाम वाकडी कापली. भोंग्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, पण ओठ हलले नाहीत. "आता काही भीती नाही," ती म्हणाली आणि पत्रा बाजूला ठेवला.

रविवारी निवृत्त मुख्याध्यापिकाबाई घडीची खुर्ची टाकून त्याच्या शेजारी बसल्या. त्याला शाळेत चार वर्षं गप्प बसवायचा प्रयत्न त्यांनी केला होता, त्यामुळे पंच म्हणून त्यांच्याइतकं अनुभवी दुसरं कुणी नव्हतं.

"अक्षर निघालं की संपलं," त्या म्हणाल्या. "खोकला चालेल."

पाचव्या मिनिटाला गोलकीपरच्या हातून बॉल निसटला आणि खांबाला लागून परत आला. भोंगा खोकला.

"हा खोकला नव्हता," बाई म्हणाल्या, "हे वाक्य होतं. पुन्हा असा खोकलास तर शब्द म्हणून धरीन."

रेफरी तोच होता, टेप धरलेला. फ्री किकच्या वेळी त्याने समोरच्यांची भिंत बॉलच्या आणखीच जवळ उभी केली आणि भोंग्यासमोरून जाताना प्रेमाने विचारलं, "काय, अंतर ठीक आहे ना?" भोंगा मूग गिळून उभा. विरुद्ध संघाचे पाठीराखे तर मॅचकडे पाठ करून त्याच्याकडेच बघत होते. पैसे दिलेले, वसूल करत होते.

खरा गोंधळ पोस्टमनचा झाला. पहिली चूक झाल्यावर त्याने सवयीने डावीकडे पाहिलं. काहीच आलं नाही. दुसऱ्या चुकीनंतरही नाही. मध्यंतरात त्याने कोचला हळूच विचारलं, "काकांच्या घरी काही वाईट झालंय का?" वर्गणीचा बेत त्यालाही माहीत होता, पण भोंगा तो पाळेल यावर कुणाचाच विश्वास नव्हता.

उत्तरार्धात पोस्टमन एकदा मध्यरेषेपलीकडे गेला. थबकला. कानोसा घेतला. कुणी ओरडलं नाही. मग आणखी थोडा पुढे. भोंग्याच्या घशात "मागे राहा" इतकं वर आलं होतं की बाईंनी वहीवर पेन टेकवलं. सत्तराव्या मिनिटाला पोस्टमन बॉल घेऊन जो सुटला, तो रोज बावीस जिने चढणारा माणूस कसा सुटेल तसा सुटला. एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, आणि तिरक्या कोनातून, समोरचा गोलकीपर झेपावायच्या आत, बॉल जाळीत.

इथे भोंग्याची तयारी कमी पडली. शिवी गिळायचं तो आठवडाभर शिकला होता. शाबासकी गिळायची कशी, हे कुणी शिकवलंच नव्हतं, कारण पस्तीस वर्षांत तशी वेळच आली नव्हती. तोंड उघडलं, छाती भरली, आणि शेवटच्या क्षणी त्याने खिशातला कामाचा जाड हातमोजा काढून तोंडात कोंबला. डोळ्यांत पाणी आलं. ते हातमोज्याच्या वासाने की आणखी कशाने, हे बाईंनी वहीत लिहिलं नाही.

मॅच एक-शून्य. सहा महिन्यांतली पहिली जीत. शिट्टी झाली तरी भोंगा हातमोजा तोंडात धरून उभाच होता. बाईंनी हात पुढे केला तेव्हा त्याने तो काढून त्यांना दिला.

सगळे गोळा झाले. पहिला शब्द काय निघतो ते ऐकायला विरुद्ध संघसुद्धा थांबला. पोस्टमन घामाघूम होऊन समोर आला.

"बोला काका. साचलं असेल."

भोंग्याने घसा साफ केला. आवाज निघाला तो इतका लहान, की मागच्यांना पुढे सरकावं लागलं. "तुला पुढे जाता येतं?"

"येतं की."

"मग नऊ वर्षं मागे का राहिलास?"

"तुम्हीच सांगत होता ना," पोस्टमन म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला.

कोचने संधी साधली. पुढच्या रविवारच्या मौनाचेही पैसे तयार आहेत, या वेळी दुप्पट, क्लबला नवे बूट घेता येतील, असं त्याने सांगितलं. मेव्हण्याने तिथल्या तिथे पाकीट काढलं. भोंग्याने बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "तुमचं तोंड, तुम्ही ठरवा."

त्याने चुन्याच्या रेषेवरचा बूट मागे घेतला.

"पोस्टमनला बोलणार नाही," शेवटी तो म्हणाला. "फुकट. कायमचं."

"आणि बाकीच्यांना?" गोलकीपरने घाबरत विचारलं.

"तू," भोंगा म्हणाला, आणि आवाज हळूहळू पत्र्याच्या उंचीवर चढू लागला, "पाचव्या मिनिटाला काय करत होतास ते मला आधी सांग."