टाकीतला अबोला

रिकामी टाकी धुवायला आत उतरणाऱ्या प्रत्येकाचा एकच हट्ट असायचा: वर तोंडाशी ताईच हवी. कारण ताई एक नंबरची भांडकुदळ. आतल्या माणसाने सतत बोलत राहायचं आणि आवाज थांबला की वरच्याने दोर ओढायचा, हा कारखान्याचा नियम. आणि ताईपुढे गप्प बसेल असा माणूस अजून जन्माला यायचा होता. "अरे, घासतोयस की कुरवाळतोयस?" असं तिने विचारलं की मुखदुर्बळालाही कंठ फुटायचा.

त्या टाक्यांत जिवाणू पाळलेले होते. साधेसुधे नव्हेत, प्रयोगशाळेत जनुकं बदलून घडवलेले. पिकांच्या वाळल्या ताटांतून काढलेली साखर खायची आणि प्लास्टिकसाठी लागणारं रसायन बनवायचं, एवढंच त्यांचं काम. बाहेरचे लोक त्या जिवाणूंना भ्यायचे. ताईला धडकी भरायची ती त्यांच्या वायूची. साखर खाता खाता ते जो वायू सोडतात त्याला ना रंग ना वास. जड असतो, तळाशी साचून राहतो आणि हूं की चूं करू न देता माणसाला गुदमरवतो. अन् त्याच टाक्यांत तिचा धाकटा भाऊ उतरायचा. आईवेगळं पोर, तिनेच लहानाचं मोठं केलेलं.

मागच्या आठवड्यात तो आत शिंक आवरायला जरासा थांबला, तर ताईने दोर ओढून त्याला अधांतरी लटकवला. अख्खा कारखाना खो खो हसला. "पुन्हा असं केलंस तर याद राख," भाऊ म्हणाला, आणि त्याने अबोला धरला. जेवायला वाढलं तरी हूं नाही. टाकीतसुद्धा तेच, तिने हाक मारली की ब्रशचा दांडा भिंतीवर आपटायचा. टक. म्हणजे ठीक आहे. मुकादम ओरडला, पण ताईनेच ते चालवून घेतलं.

त्या सकाळी आतली हवा तपासली, ठीक निघाली. तो उतरला.

"पाणी पुरतंय का?"

टक.

"खालची कड राहिली बघ."

टक.

"अजून रुसलायस?"

काहीच नाही.

ताईने दोर हातात घेतला. मग राग आला. मुद्दाम करतोय मेला! "अरे गधड्या, दांडा तरी आपट!" वाकून पाहिलं, तर तो भिंतीला टेकून बसला होता, ब्रश हातातच. आता ओढलं तर हा जन्मात बोलणार नाही, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात ब्रश गळून पडला.

किंचाळतच तिने दोराच्या रहाटाची मूठ गरागरा फिरवली. तो वर आला तो मान टाकलेला, ओठ निळे. मुकादमाने धावत येऊन त्याची छाती दाबायला घेतली. ताई त्याचे गाल थोपटत होती. "बोल रे राजा, शिव्या दे, काहीही बोल!"

तो वाचला. शेजारच्या चालू टाकीची झडप नीट बसली नव्हती, तिथला वायू इकडे उतरला होता, हे नंतर कळलं. दवाखान्यात डोळे उघडल्यावर तो म्हणाला, "मी हाका मारायला बघत होतो गं ताई. तोंडातून आवाजच फुटेना. तू येशील, तू येशील असं वाटत होतं."

ताईने त्याच्या अंगावरची चादर पुन्हा पुन्हा सारखी केली.

आता आतला माणूस गप्प झाला की ती कारण विचारत बसत नाही, सरळ ओढते. कुणी हसत नाही. घरी भाऊ न्हाणीघरात गेला आणि पाण्याचा आवाज थांबला, की ती हातातलं काम टाकून दाराशी येते. तिने कडी वाजवायच्या आत तोच म्हणतो, "आहे गं, आहे."

"बरं," ती म्हणते, आणि तो बाहेर येईपर्यंत तिथून हलत नाही.