खलास म्हणजे थांबा

‘धाड’ऐवजी नुसतं ‘फट्’ झालं. देशपांडेसाहेब हसले. “मॅडम, फुसका बार!” म्हणाले आणि पिस्तुलाची स्लाइड हातानं मागे ओढून त्यांनी पुढची गोळी चढवली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शारजाच्या एका शूटिंग क्लबात मी कोच होते. नेमबाजी कोल्हापुरात शिकले, लग्नानंतर शारजातल्या अल मजाज भागात आले. वाळूतली ती रेंज मला घरापेक्षा लाडकी होती, आजही तिची आठवण येऊन जीव कासावीस होतो. देशपांडेसाहेब एका फॅक्टरीचे जीएम, शुक्रवारी सहकुटुंब यायचे.

सरावाच्या गोळ्या क्लबातच भरल्या जात. उडालेल्या गोळीचं रिकामं पितळी आवरण साफ करायचं. बुडाला नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टिकली. आत मोजून दारू, तोंडावर बुलेट. वर्कशॉपमधला वर्गीस हे निगुतीनं करायचा. पण क्वचित एखादीत दारू पडायची राहते. मग टिकलीच्या जोरावर बुलेट कशीबशी निघते आणि नळीतच अडकते. दिवाळीत बार फुसका निघाला की आपण हसून पुढचा लावतो. इथं पुढचा लावला तर नळी हातात फुटते. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल उडालेल्या गोळीच्या धक्क्यानं पुढची गोळी आपोआप चढवतं. तसं झालं नाही, हीच धोक्याची खूण होती. आणि साहेबांनी हातानं गोळी चढवून नेमकी तीच पुसून टाकली होती.

मी ओरडले, “खलास! खलास!”

अरबीत खलास म्हणजे पुरे, थांबा. पठाण, मल्याळी, इजिप्शियन, सगळ्यांना कळतो म्हणून फायरिंग बंदचा हुकूम आमच्याकडे तोच होता. पण साहेब डोंबिवलीत वाढलेले, त्यात कानावर आवाज अडवणारे मफ्स. त्यांना वाटलं, मी मॅगझिन खलास करा, म्हणजे उरलेल्या गोळ्या संपवा म्हणतेय.

“करतो की!” म्हणत त्यांनी नेम धरला.

माझ्या तोंडातून निघालं, “अहो! ठेवा म्हणते ना ते खाली!”

साहेब थिजले. बोट ट्रिगरवरून निघालं, पिस्तूल मुकाट टेबलावर गेलं, नळी टार्गेटकडेच.

मागून मिसेस देशपांडे म्हणाल्या, “माझं कधी इतकं ऐकलं नाहीत हो.”

उशिरा पेट घेणारी गोळीही असते, म्हणून जरा थांबले. मग पिस्तूल रिकामं करून नळीत रॉड घातला. तो अर्ध्यातच अडला.

“म्हणजे मी आत्ता...” साहेबांचा चेहरा पांढरा पडला.

“बोटं गेली असती. कदाचित डोळाही.”

ते बायकोशेजारी जाऊन बसले.

क्लबचे मॅनेजर निवृत्त पोलीस अधिकारी, सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. ती गोळी ज्या डब्यातली होती, तो डबा त्यांनी वापरायचा बंद करायला लावला. वर्गीसनं सगळ्या गोळ्या उघडल्या, तर आणखी एक बिनदारूची निघाली. तेव्हापासून बुलेट बसवण्याआधी प्रत्येक आवरणात टॉर्च मारून बघायचं ठरलं.

मग कॅप्टननं मला विचारलं, “ये ‘अहो’ क्या है?”

“सर, वाइफ हज्बंड को ऐसे बुलाती है.”

“सब को समझता है?”

“हज्बंड लोग को, सर.”

पुढच्या शुक्रवारी धिप्पाड, मिशाळ कॅप्टननं फायरिंग थांबवायला रेंजवर घसा फाडून “अहोऽऽ!” अशी आरोळी ठोकली. अख्ख्या रांगेनं पिस्तुलं खाली ठेवली.

आवाज फुसका आला तर थांबावं, हे मी पुढं शेकडोंना शिकवलं. कसं थांबवावं, ते मात्र संसारातच शिकावं लागतं.