लंगडण्याची तालीम

आई आयुष्यात कधी लंगडली नव्हती, म्हणून तिला लंगडायला शिकवावं लागलं. जानेफळच्या घरी तीन संध्याकाळी मी ओट्यावर बसून सूचना दिल्या आणि तिनं अंगणात फेऱ्या मारल्या. मी शाळामास्तर, शिकवायची खोड जात नाही. उजवा पाय ओढ म्हटलं की ती डावा ओढायची, आणि चार पावलांत दोन्ही विसरून झपाझप चालू लागायची. अंगणवाडीच्या नोकरीत वस्त्या-वस्त्या पालथ्या घातलेली बाई.

बहीण कॅनडात, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरायचीही बंदी केली होती आणि जावयांना सुटी नव्हती. म्हणजे आईनंच जायचं, तेही एकटीनं. इंग्रजी तिला येत नाही. विमान तिनं फक्त डोक्यावरून जाताना पाहिलेलं. मध्ये कुठं बदलायला नको म्हणून दिल्लीहून थेट जाणारं विमान पाहिलं. चाकाची खुर्ची मागितली की दारापासून विमानापर्यंत एक माणूस सोबत राहतो, हे मला एका ओळखीच्यानं सांगितलं होतं. खुर्ची पायांसाठी नव्हतीच, वाटाड्यासाठी होती.

मलकापूरहून रेल्वेनं दिल्ली गाठली. विमानतळाच्या दारात बंदूकधारी जवान तिकीट पाहतो, आणि ज्याला तिकीट नाही त्यानं बाहेरच राहायचं. एसटी हलेपर्यंत खिडकीखाली उभं राहून बोलायची आपली सवय तिथं चालत नाही.

खुर्ची आली. ढकलणारा माणूस माझ्याहून मोठा, केस पांढरे झालेला. "बैठिए, माताजी." आई हलली नाही.

"बस ना, माय."

"काऊन बसू? मले काय झालं?"

"आपलं ठरलं होतं."

"ठरलं तवा हा माणूस समोर नव्हता. त्याचे केस पाह्य. तो मले ढकलन अन् मी धडधाकट बाई बसून राहू?"

मागं रांग खोळंबली होती. मला राग आला. "तिकडं ती पलंगावर पडून हाये अन् तुले हे सुचून राह्यलं," मी म्हणालो. हळू म्हणालो, पण म्हणालो. त्याची लाज मला अजून वाटते.

डिंकाच्या लाडवांची पिशवी आईनं खुर्चीत ठेवली, खुर्चीची एक मूठ धरली आणि त्या माणसाला म्हणाली, "चला, भाऊ." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले. दोघं मिळून लाडू ढकलत आत गेले. काचेतून तिचं निळं लुगडं दिसत होतं तोवर मी पाहत होतो.

तासाभरानं फोन आला. "इथं भितीवर मोठाले धातूचे हात लावले हायेत. एक तर आपल्या विहारातल्या बुद्धाच्या हातासारखा हाये. भाऊ म्हणते, आता पासपोर्टवर शिक्का मारतीन." आवाज खुशीतला होता. मी बाहेरच्या टपरीवर दोन चहा लागोपाठ प्यायलो.

भाची झाली. आई सहा महिने राहिली. व्हिडिओ कॉलवर ती नेहमी बसलेली असायची, मांडीवर बाळ. त्यात मला काही वावगं दिसलं नाही.

परतीच्या दिवशी मी त्याच विमानतळावर, येणाऱ्यांच्या कठड्याला टेकून उभा होतो. आई आली ती खुर्चीत बसून, पिशवी मांडीवर. मला हसू फुटलं. शिकली एकदाची. ढकलणाऱ्याचे आभार मानून मी तिच्या कानाशी वाकलो.

"उठ आता, माय. नाटक पुरे."

तिनं हात पुढं केला. "उठव मले."

मी तिच्या पायाकडे पाहिलं.

"तिकडं बरफावर पडली होती मी. फोनवर सांगून काय करणार होता तू?"

मी हात दिला. ती उभी राहिली आणि आम्ही टॅक्सीकडे निघालो. ती उजवा पाय ओढत होती, आणि एकदाही चुकली नाही.