भिणारे नाना

घाट चढण्याआधी मोटारीतल्या सगळ्या उतारूंना नाना ड्रायव्हर सांगत, की मला भीती वाटते आहे. यात थट्टा मुळीच नसे. वाईहून पाचगणीला चढणारा पसरणीचा घाट सुरू व्हायच्या जरा अलीकडे एक वड होता. त्या वडाखाली ते गाडी उभी करत, उतरून चारी चाकांवरून हात फिरवत, मग मागच्या दाराशी येऊन डोक्यावरचा पटका सारखा करत म्हणत, "मंडळी, मला भ्या वाटतंया. तुमालाबी वाटत आसंल तर लाजू नगा. वरच्या वळणापतुर चालत या. तितं गाडी हुबी करतो."

नवखे उतारू एकमेकांच्या तोंडाकडे बघत. एखादी म्हातारी गाठोडं काखेला मारून खरोखरच उतरे आणि देवाचं नाव घेत चालू लागे. महाबळेश्वरला हवा पालटायला निघालेले साहेबलोक मात्र चिडत. "ड्रायव्हरच भितो म्हणजे काय? तुमच्या मालकाला सांगतो!" मालकाला ते ठाऊकच होतं. साताऱ्याच्या स्टँडवर अशी तक्रार आली की तो पान चघळत म्हणे, "भितो म्हणूनच घाटाची गाडी त्याच्याकडे दिलीय. न भिणारे आमच्याकडे होते पूर्वी."

नानांनी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. साताऱ्याजवळ कृष्णाकाठच्या एका खेड्यात त्यांची थोडी जमीन होती. अंगाने आडवे, मिशा पांढऱ्या, बोटं मुळ्यासारखी जाड. आधीच्या महायुद्धात त्यांनी लष्कराच्या लॉऱ्या चालवल्या होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा सदा या दुसऱ्या युद्धात ब्रह्मदेशाच्या बाजूला होता. स्टँडवर कुणी डिवचलं, "नाना, लढाईत न्हाई भ्यालात आन् घाटाला भिताय व्हय?" की ते शांतपणे म्हणत, "लढाईत तर लय भ्यालो. म्हणून तर तुज्याम्होरं हुबा हाय."

मी आटपाडीकडचा. आमच्या मुलखात नजर जाईल तिथवर माळ. पडायचंच झालं तर माणूस बैलगाडीतून पडणार, त्याहून उंच काही नाही. सातवी झालो होतो. साताऱ्याला माझे दाजी त्याच मोटार कंपनीत होते, त्यांनी शब्द टाकला आणि मला कंडक्टर म्हणून घेतलं. तीन महिने कच्ची नोकरी, मालकाला पटलं तर पक्की. युद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हतं आणि मोटारी लोणारी, म्हणजे लाकडाच्या, कोळशाच्या गॅसवर चालत. गाडीच्या मागे उभी टाकी. तिच्यात कोळसा भरायचा, पेटवायचा आणि गॅस धरेपर्यंत हाताने पंखा फिरवत राहायचं. तिकिटं, टपावरचं सामान आणि हा पंखा, एवढं काम मी कुठेही केलं असतं. पण कोळशाच्या गाडीत चढाला दम नसे. घाटात ती मधेच गुदमरे, थांबे आणि मागे सरकू लागे. अशा वेळी मागच्या पायरीवर उभं राहिलेल्या कंडक्टरने उडी टाकायची आणि चाकामागे लाकडी ठोकळा सारायचा. माझ्या आधीच्या कंडक्टरचा पाय तो ठोकळा सारतानाच चाकाखाली सापडला होता. पाय बरा झाला, माणूस परत आला नाही. हे मला नोकरी लागल्यानंतर कळलं.

दाजींनी बजावून ठेवलं होतं, "मालकापुढं आणि ड्रायव्हरापुढं घाबरट दिसू नकोस. तीन महिने दात आवळून काढ." पहिल्या दिवशी गाडी वडाखाली थांबली. समोर डोंगर उभा होता आणि त्याच्या अंगावरून रस्ता चढत गेलेला दिसत होता. नाना चाकं बघत माझ्यापाशी आले.

"घाट बगितलाईस कवा?"

"न्हाई."

"भ्या वाटतंया?"

मी छाती पुढे काढली. "न्हाई, नाना."

त्यांनी माझ्या हातातला ठोकळा काढून घेतला. "मग चालत वाईला जा. सांजच्याला परत जाताना तुला घेतो."

मला वाटलं, गंमत करतात. पण ते खरंच वळले. दारातून उतारू बघत होते. नोकरी पहिल्याच दिवशी चालली, या विचाराने माझं अवसान गळालं. मी त्यांच्या मागे धावलो. "नाना, खोटं बोललो. लय भ्या वाटतंय. सकाळपास्नं घास उतरंना."

"मग आदी सांगायचंस की रं गड्या," नाना म्हणाले. त्यांनी ठोकळा माझ्या हातात दिला, सीटमागून आपली भाकरी काढली आणि अर्धी मोडून पुढे केली. "खा. रिकाम्या पोटी भ्या डोस्क्यात चढतं. प्वाट भरलेलं आसलं की हातापायात ऱ्हातं. तितं त्येचा उपेग हुतो."

ती भाकरी मी उभ्या उभ्या खाल्ली. सगळी गाडी माझ्यासाठी खोळंबली होती.

भीती कबूल केली म्हणून कमी झाली, असं काही झालं नाही. पहिले कितीतरी दिवस मी मागच्या दांडीला दोन्ही हातांनी लोंबकळत घाट चढलो. वळणावर गाडीचा मागचा भाग कठड्याच्या बाहेर गेल्यासारखा वाटे आणि पायरीखाली एकदम काहीच नसे. मी डोळे गच्च मिटून घेत असे. हे नानांना आरशात दिसलं असावं. एके दिवशी पाचगणीकडून रिकामी गाडी घेऊन उतरताना त्यांनी ती मधल्या वळणावर थांबवली, माझं मनगट धरलं आणि मला कठड्यापाशी नेलं.

"बग खाली."

"नगं, नाना."

"डोळं मिटलं की दरी हाय त्येच्यापेक्षा मोटी हुती. बग एकदा, केवडी हाय ती."

मी बघितलं. खाली वाईची देवळं खेळण्यातल्यासारखी दिसत होती आणि कृष्णेची चिंचोळी रेघ उन्हात चमकत होती. मोकळ्या हाताने मी कठडा घट्ट धरला होता. पण माझं मनगट ज्या हातात होतं, तो हात माझ्यापेक्षा जास्त घामेजला होता. इतकी वर्षं रोज घाट चढणारा हा माणूस खरोखरच भीत होता. घाटात ते कुणाशी अक्षर बोलत नसत. उतारूंना गाणी म्हणू देत नसत. गाडीच्या आवाजात जरा फरक पडला की थांबत. वर पोचल्यावर गाडी बंद करून, स्टिअरिंगवर कपाळ टेकवून ते क्षणभर बसत. मग "आलो बाबा," म्हणून उतरत आणि चहावाल्याशी मोठमोठ्याने बोलू लागत.

माझे तीन महिने संपत आले तेव्हा पावसाला सुरुवात झाली होती. एका दिवशी वाईत गाडीत दिवस भरत आलेली एक बाई बसली. पहिलटकरीण होती. तिची आई तिला बाळंतपणासाठी पाचगणीला माहेरी नेत होती. घाटाच्या मध्यावर धुकं उतरलं. हातभरापलीकडे दिसेना. कोळसा दमट झाला होता. गाडीने दोन-तीन उचक्या दिल्या आणि ती थांबली.

मी उडी टाकून ठोकळा सारला. नाना ओरडले, "मंडळी, सगळी खाली. आवाज न करता डोंगराच्या अंगाला हुबी ऱ्हावा." माणसं भराभर उतरली. ती बाई उठू लागली, पण कळ आल्यासारखी पोट धरून परत बसली. तिची आई रडकुंडीला आली. "आवं, हिला उतरवू नगासा! हितं रस्त्यात काय झालं तर मी काय करू?"

नाना माझ्याजवळ आले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "बाई आत ऱ्हानार. म्या आत ऱ्हानार. तुजं ध्यान ठोकळ्यावर."

मी टाकीत जरा सुका कोळसा घातला आणि पंखा फिरवू लागलो. इंजिनाने गॅस धरला. गाडी थोडी चढली आणि पुन्हा गुदमरली. मी ठोकळा सारला, पण चिखलात तो घसरला. गाडी त्याला रेटत मागे येऊ लागली. आतून त्या बाईची किंकाळी ऐकू आली. त्या क्षणी मला माझ्या आधीच्या कंडक्टरचा पाय आठवला. त्याला मी कधी पाहिलंही नव्हतं, पण तो पाय मात्र स्पष्ट दिसला. मी गुडघ्यावर बसलो, बाजूचा एक दगड दोन्ही हातांनी ओढून ठोकळ्यामागे दिला आणि खांद्याने दाबून धरला. चाक त्यावर येऊन कचकन थांबलं. मागे वळून बघितलं तर कठडा हाताच्या अंतरावर होता, आणि त्यापलीकडे नुसतं पांढरं धुकं.

"हाईस का रं?" नानांचा आवाज आला.

"हाय, नाना!"

"पाय?"

"दोन्ही हायती!"

मग तसंच वर वर गेलो. थोडी चढायची, थांबायची, ठोकळा, दगड, पंखा, पुन्हा थोडी. बाकीचे उतारू कडेने चालत येत होते. पाचगणी आली तेव्हा त्या बाईला तिच्या माणसांनी उतरवून घेतलं. तिच्या आईला नानांच्या पाया पडायचं होतं, पण ते स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसले होते. बराच वेळ उठले नाहीत. मी चहा घेऊन गेलो तर कप दोघांच्याही हातात खडखड वाजू लागला, आणि ते बघून आम्ही दोघेही वेड्यासारखे हसत सुटलो. साताऱ्याला परतल्यावर नाना मालकाला म्हणाले, "पोरगं बराबर भितंय. पक्कं करा." माझी नोकरी पक्की झाली.

पुढच्या वर्षी सदा लढाईत मारला गेल्याची तार आली. काही महिन्यांपूर्वीच तो रजेवर येऊन गेला होता आणि त्याची बायको तेव्हा पोटुशी होती. नाना दिवसकार्य उरकून कामावर आले. पहिल्याच फेरीला गाडी वडाखाली थांबली. ते उतरले, पण चाकांकडे गेलेच नाहीत. रस्त्याच्या मधोमध उभे राहून घाटाकडे बघत राहिले. मी जवळ गेलो.

"काय झालं, नाना?"

"भ्या येईना रं," ते म्हणाले. "लय वाट बगितली. कायच वाटंना. आता ही गाडी हितनं खाली गेली काय आन् वर गेली काय."

त्यांच्या नुसत्या आवाजाने माझ्या अंगावर काटा आला. त्या धुक्यात भ्यालो नव्हतो इतका मी तेव्हा भ्यालो. त्यांनी उतारूंना हात जोडले, "मंडळी, आज ही गाडी म्या न्हेत न्हाई," म्हणाले आणि वाईहून दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत वडाच्या मुळीवर बसून राहिले. त्यानंतर स्टिअरिंगला त्यांनी हात लावला नाही. मालकाने दोनदा माणूस पाठवला, तरी नाही.

युद्ध संपलं. मी ड्रायव्हिंग शिकलो होतो आणि मालक म्हणत होता, आता घाटाची गाडी तू घे. माझा धीर होईना. नानांना परत बोलवावं म्हणून मी एका उन्हाळ्यात त्यांच्या गावी गेलो. मळ्यात विहिरीजवळ ते दिसले. नुकतीच चालायला लागलेली नात पुढे दुडदुडत होती आणि नाना कमरेत वाकून, दोन्ही हात पसरून तिच्या मागे मागे चालले होते. कपाळावरून घाम निथळत होता.

"भ्या परत आलंय जनू," मी म्हणालो.

"आलं की!" मान न वळवता ते म्हणाले. "ही चालाय लागली तसं आलं. रातचा डोळ्याला डोळा लागंना."

"मग गाडीवर या की, नाना. लोक इचारत्यात."

ते थांबले. पोरीला उचलून खांद्याशी घेतलं. "न्हाई गड्या. हाय त्ये हिच्यापुरतंच हाय. गाडीभर मान्सांना पुरायचं न्हाई. तुज्याजवळ हाय न्हवं?"

"लय हाय," मी म्हणालो.

"मग बस जा की स्टेरिंगवर."

सुनेने दिलेलं ताक पिऊन मी निघालो. सडकेपर्यंत पोचवायला नाना आले नाहीत. पोर पुन्हा खाली उतरली होती आणि विहिरीकडे चालली होती.