तट सरळ होता की कललेला?

देविदास गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशीमच्या बसस्थानकावर इंझोरीला जाणाऱ्या गाडीचीच वाट पाहत होतो. त्यालाच भेटायला निघालो होतो, तेही भांडायच्या तयारीनं. त्याच्याकडे एका प्रश्नाचं उत्तर वर्षभर अडून होतं आणि या वेळी ते घेतल्याशिवाय परतायचं नाही असं मी ठरवलं होतं. सकाळी चहा पिता पिता त्याच्या छातीत दुखलं, दवाखाना गाठेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दीड महिना झाला... प्रश्न मात्र तसाच राहिला होता.

इंझोरीच्या शाळेत आम्ही एका बाकावरचे. मी वाशीमला भूगोलाचा मास्तर झालो, तो गवंडी. ओळंब्यावर त्याचा भारी जीव. दोरीला बांधलेलं ते पितळी वजन भिंतीशी सोडून तो एक डोळा मिटायचा आणि सूतभर फरक दिसला तरी रचलेल्या विटा उतरवायचा. मी फळ्यावर जन्मभर समुद्र काढले, पण खरा पाहिला तो एकदाच, सहलीची पोरं मोजता मोजता. देविदासच्या नशिबी मात्र समुद्राकाठचं काम आलं. इस्रायलमध्ये बांधकामाला माणसं हवी होती, कामाची परीक्षा देऊन तो निवडला गेला. तिकडे लढाई चालू होती. मुलीचं नर्सिंगचं शिक्षण व्हायचं होतं म्हणून कांतावहिनींनी जाऊ दिलं, पण बजावून. काम अन् खोली, बाकी कुठं फिरायचं नाही.

आणि मी काय केलं? त्याचं काम अक्कोजवळ आहे कळल्यावर मला राहवेना. अक्को म्हणजे समुद्रात पाय रोवून बसलेलं जुनं तटबंदीचं शहर. मी फोनवर विचारलं, इतकी शतकं लाटा खाऊन तो तट उभा कसा? सरळ आहे की कललेला? "पाहून सांगतो," तो म्हणाला. तेव्हाच मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

सुटीच्या दिवशी तो अक्कोला गेला. पुढचं सगळं त्यानं परत आल्यावर वाशीमच्या हॉटेलात बसून सांगितलं, दर खेपेला थोडं वाढवून. प्रवासी कोणी नाही, निम्मी दुकानं बंद, मासेवाल्याच्या गाड्याभोवती मांजरी, गल्ल्यांतल्या पायऱ्या झिजून खोलगट झालेल्या. हा दगडादगडाला हात लावत चालला आणि तटावर पोचताच खिशातून ओळंबा काढून त्यानं तो सरळ समुद्राच्या बाजूला सोडला. लढाईच्या दिवसांत एक परका माणूस तटावरून ओणवा होऊन दोरीनं काहीतरी खाली सोडतोय म्हटल्यावर पोलीस धावत आले.

"हात वर कर म्हनले असतीन," देविदास सांगायचा. "मले त्यायची भाषा कुठी समजते? म्या ओळंबाच वर केला!"

पोलीस दोन पावलं मागे सरले म्हणे. आम्ही हसायचो, मी मात्र आधी थांबायचो. तिथला कामाचा परवाना गेला असता तर पोरीचं शिक्षण तिथंच थांबलं असतं, माझ्या एका प्रश्नापायी. पण तो मासेवाला म्हातारा पुढे आला. त्यानं दोरी चिमटीत धरली, एक डोळा मिटला, अगदी देविदाससारखा, आणि पोलिसांना काहीतरी सांगून खदखदा हसला. तोही कधीकाळचा गवंडीच निघाला. पोलीस हसतात न हसतात तोच सायरन वाजला आणि म्हाताऱ्यानं देविदासला दंडाला धरून एका कमानीखाली ओढलं. "तथी बसलो आमी. तो माया हाताचे घट्टे पाहे, मी त्याचे."

"पण तट कसा होता?"

"घाई काहून करून राह्यला बे? घरी ये, मंग सांगतो."

दर वेळी हेच. मला वाटायचं, सायरनमुळे त्याचं पाहायचंच राहिलं असावं. घरी मात्र मी गेलो नाही. एक तर वहिनींना तोंड दाखवायची लाज. दुसरं, त्यानं घरामागे नाल्याकडून दगडी भिंत घातली होती आणि गाव म्हणत होतं, मिस्त्रीचा हात बिघडला, भिंत वाकडी आली. मित्राची चूक मला पाहायची नव्हती.

दीड महिन्यापूर्वी स्मशानातूनच परतलो होतो, घरी मागच्या रविवारी गेलो. वहिनींना म्हणालो, "तिकडं त्याला मीच पाठवलं होतं."

"मालूम हाये, भाऊजी. त्याच रोजी फोन केला होता त्याईनं. लय बोलली मी." त्याच पुढे म्हणाल्या, "अन् मंग इचारलं, कसा हाये समुद्र?"

मग त्यांनी खुंटीवरचा ओळंबा काढून माझ्या हातात दिला. "गाव हासते म्हटलं तं म्हनत, हासू दे. मास्तर येऊन मोजन, तवा समजन त्याले."

मी नाल्यात उतरलो. वहिनींनी वरून दोरी धरली. वजन मोकळं लोंबेना, भिंतीच्या अंगावरच टेकलं. ते पायथ्याशी मोकळं होईपर्यंत त्यांना दोरी पुढे घ्यायला लावली आणि विचारलं, वर दोरी अन् भिंतीत किती अंतर पडलं? या टोकाला चार बोटं. लांबीच्या मधोमध पाहिलं, चार. पलीकडच्या टोकाला पाहिलं, चारच. चुकलेली भिंत तीन ठिकाणी सारखी चुकत नाही. भिंतीचा पाय पाण्याकडे, पाठ मागे मातीला टेकलेली... वर्षभर तो मला उत्तर द्यायलाच बोलवत होता आणि मी गेलो नाही.

नाल्यात उभा राहून मी उगाच मोठ्यानं म्हणालो, "समजलं बे. कललेला."