गोंदलेलं मनगट

फुलंब्रीच्या रामकिसननं संभाजीनगरात मनगटावर बांधायचं यंत्र बनवलं. कातडीत उजेड सोडून ते हृदयाचे ठोके नि रक्तदाब सांगायचं. तिथल्या कारखान्यातल्या सगळ्यांच्या हातावर बिनचूक चाललं. मग काय, गावकऱ्यांना तपासायला स्वारी तोऱ्यात गावी आली!

रांगेतल्या पहिल्याच वच्छलाबाईच्या हातावर यंत्र मुकं झालं.

"मावशी, हातावर मळ आहे, धुऊन या," तो हाताकडं न बघताच चारचौघांत खेकसला.

बिचारीनं नळावर मनगट लाल होईस्तोवर घासलं. यंत्र तरी गप्पच.

"मळ नाय रं लेकरा, गोंदण हाय. मेल्यावरबी संगं येतंय."

हिरव्या गोंदणानं उजेड अडवला होता. रामकिसनची मान वर होईना. झाली तेव्हा दिसलं, रांगेत वच्छलाबाईच्या मागं उभी त्याची आई आपलं गोंदलेलं मनगट पदराखाली लपवत होती.